मराठी विभागप्रमुखांना खुले पत्र: पहिल्याच दिवशी नवा लेख लिहायला लावू नका

आदरणीय विभागप्रमुख आणि प्राध्यापक मंडळी,

सप्रेम नमस्कार.

१४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा संवर्धन पंधरवडा आणि २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोहोंच्या दरम्यान राज्यातल्या बऱ्याच महाविद्यालयांत विकिपीडिया लेखनाची कार्यशाळा होते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांची ओळख, ज्ञानभाषा मराठीवर एक भाषण, मग संगणक कक्षात दोन-अडीच तास 'प्रत्यक्ष लेखन', शेवटी प्रमाणपत्रे आणि सामूहिक फोटो. फोटो महाविद्यालयाच्या मूल्यांकनासाठी ठेवलेल्या नॅकच्या फायलीत जातो. विद्यार्थ्यांनी त्या दुपारी लिहिलेल्या लेखांचे पुढे काय होते, हे फाईल सांगत नाही. ते सांगावे म्हणून हे पत्र.

मी मराठी विकिपीडियावर बरीच वर्षे संपादन करतो. प्रचालक (पाने काढण्याचे, खाती रोखण्याचे अधिकार असलेला सदस्य) नाही, कुठल्या संस्थेचा पदाधिकारी नाही. नोकरीवरून घरी आल्यावर 'अलीकडील बदल' हे पान उघडून बसणारे जे थोडे लोक आहेत, त्यांतला एक. कार्यशाळेच्या दिवशी ते पान बघण्यासारखे असते. दुपारी बारानंतर अचानक एकामागून एक नवी सदस्यनावे, आणि प्रत्येकाचा एक नवा कोरा लेख. 'माझे आवडते लेखक'. 'वृक्षारोपण काळाची गरज'. तुकारामांवर चांगला मोठा लेख आधीपासून असताना 'जगद्गुरू संतश्रेष्ठ तुकाराम महाराज' नावाचा सहा ओळींचा दुसरा. एखाद्याने सरांचाच परिचय लिहिलेला, विवाहाच्या तारखेसकट. चारच्या सुमाराला सगळे शांत होते आणि मग आमचे काम सुरू होते. संध्याकाळपर्यंत त्यांतल्या बहुतेक लेखांवर 'पानकाढा' साचा, म्हणजे हे पान काढून टाकावे अशी तयार पाटी, लागते. सदस्याच्या चर्चा पानावर (त्याला निरोप ठेवायच्या पानावर) सूचना टाकली, तरी ती वाचायला कोणी परत आलेले नसते.

यात मुलांचा काही दोष नाही. त्यांना जे सांगितले तेच त्यांनी केले. सांगितले काय गेले, तर 'मराठीत माहिती कमी आहे, चला, प्रत्येकाने एक नवा लेख लिहू या'. ऐकायला छान वाटते, पण हा आधी कळस मग पाया असा प्रकार आहे. विकिपीडियावर नवा लेख सुरू करणे हे नवशिक्याला सगळ्यांत जड जाणारे काम. विषय उल्लेखनीय, म्हणजे स्वतंत्र लेखाला पात्र, आहे का, त्यावर आधीच लेख आहे का, शीर्षक कसे असावे, कुठले वर्ग आणि साचे लावायचे, आणि मुख्य म्हणजे त्या विषयावर इतरांनी स्वतंत्रपणे छापलेले काय उपलब्ध आहे, एवढे सगळे पहिले वाक्य लिहिण्याआधी ठरावे लागते. दोन तासांत ते होणे नाही. मग मूल काय करते? शोधयंत्रावर नाव टाकते, पहिला दिसेल तो मजकूर उचलते आणि डकवते.

याचा इतिहास आपल्याच राज्यात घडलेला आहे. २०११ साली विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडिया फाउंडेशनने पुण्यातल्या काही महाविद्यालयांत एक शैक्षणिक प्रकल्प राबवला. इंग्रजी विकिपीडियावर लेख लिहिणे हा विद्यार्थ्यांच्या अभ्यासाचा भाग होता. हेतू उत्तम होता, विद्यार्थी मोठ्या संख्येने होते. पण मोठ्या प्रमाणावर मजकूर पुस्तकांतून आणि संकेतस्थळांवरून जसाच्या तसा येऊ लागला. एकेका विद्यार्थ्याचे एकेक संपादन तपासून प्रताधिकारभंग काढत बसण्याची वेळ जगभरच्या स्वयंसेवकांवर आली आणि त्याच वर्षाच्या अखेरीला तो प्रकल्प थांबवावा लागला. 'पुणे' हा शब्द त्या काळात तिथल्या चर्चांमध्ये ज्या सुरात उच्चारला जात असे, तो मराठी माणसाला सहन होत नाही. फाउंडेशनने नंतर आपल्या चुकांची जाहीर तपासणी केली. आपण मात्र तीच कार्यशाळा दर जानेवारीला, फक्त मराठीत, पुन्हा भरवतो आहोत.

आता मला काय हवे ते सांगतो. ताकाला जाऊन भांडे लपवण्यात अर्थ नाही. विद्यार्थ्यांना नवा लेख लिहायला लावू नका. आधी दुसऱ्याच्या लेखातले एक वाक्य दुरुस्त करायला लावा. एकच वाक्य, पण संदर्भासकट. आणि त्याला दुपार नव्हे, अर्धे सत्र द्या.

एका वाक्यात अर्धे सत्र कसे जाईल, हे एका उदाहरणाने दाखवतो. गावांवरच्या शेकडो लेखांत थोड्याफार फरकाने सापडणारे हे वाक्य घ्या: 'गावात श्री भैरवनाथाचे अतिप्राचीन व जागृत देवस्थान असून नवसाला पावणाऱ्या या दैवताच्या यात्रेला लाखो भाविकांचा जनसागर लोटतो.' आपल्या निबंधाच्या पेपरात याला चांगले गुण मिळतील. विकिपीडियावर यातला जवळजवळ प्रत्येक शब्द वादाचा आहे.

'अतिप्राचीन' म्हणजे किती? हे शोधायला विद्यार्थ्याला जिल्ह्याचे गॅझेटिअर, म्हणजे सरकारी माहितीग्रंथ, उघडावे लागेल. गाव पश्चिम महाराष्ट्रात, कोकणात किंवा खानदेशात असेल, तर जेम्स कॅम्पबेल यांच्या देखरेखीखाली निघालेले मुंबई इलाख्याचे खंड. पुणे जिल्ह्याचा १८८५ सालचा. मराठवाड्यातले असेल तर ते निजामाच्या राज्यात होते आणि विदर्भातले असेल तर मध्य प्रांत-वऱ्हाडात, म्हणजे कपाटच वेगळे. आपला जिल्हा शंभर वर्षांपूर्वी कोणत्या कारभारात होता हे कित्येक मुलांना असे पहिल्यांदा कळते. गॅझेटिअरात देवळाचा उल्लेख सापडला तर त्यात काय म्हटले आहे तेवढेच घ्यायचे. नाही सापडला, शिलालेखाची नोंद नाही, तर 'अतिप्राचीन' हा शब्द जातो. देऊळ नवे आहे असा याचा अर्थ नव्हे. आपल्याजवळ सांगण्यासारखे काही नाही, एवढाच.

'जागृत' आणि 'नवसाला पावणाऱ्या' ही श्रद्धा आहे. विकिपीडिया श्रद्धेची टिंगल करत नाही आणि तिची ग्वाहीही देत नाही. अशी श्रद्धा आहे हे कोणी अभ्यासकाने नोंदवलेले असेल, तर 'भाविकांची अशी श्रद्धा आहे' असे लिहून पुढे त्या पुस्तकाचे नाव आणि पृष्ठ क्रमांक. नसेल तर नाही. 'लाखो' शब्दापाशी विद्यार्थ्याने २०११ च्या जनगणनेची जिल्हा पुस्तिका काढावी, गावाची लोकसंख्या बघावी, मग यात्रेच्या बातम्या चाळाव्यात. बहुधा प्रत्येक बातमीत आकडा वेगळा असतो आणि आकडा कोणी मोजला हे एकीतही नसते. तोही गेला. 'जनसागर लोटतो' याबद्दल काही बोलायला नको.

शेवटी उरते ते असे: 'गावात भैरवनाथाचे मंदिर आहे. दरवर्षी चैत्र वद्य अष्टमीला यात्रा भरते.' पुढे वृत्तपत्राचे नाव, तारीख, पान. दोन रुक्ष वाक्ये! पण ही दोन वाक्ये लिहिणाऱ्या मुलाने गॅझेटिअर हाताळले, जनगणना पुस्तिका वाचायला शिकला, बातमी आणि पुरावा यांतला फरक त्याला कळला, आणि विशेषण गाळताना हात कसा थरथरतो याचाही अनुभव त्याला आला. एम. ए. च्या संशोधनपद्धतीच्या पेपरला आपण हेच तर शिकवू पाहतो. तिथे ते नोट्समध्ये राहते. इथे मात्र उद्या कोणीतरी अनोळखी माणूस येऊन 'ही तिथी कशावरून?' असे विचारणार असतो.

त्या अनोळखी माणसाबद्दल थोडे बोलायला हवे, कारण विद्यार्थी घाबरतात ते त्यालाच. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले तेव्हा कामाचा शेवटचा शब्द संपादकाचा होता. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी विश्वकोशाची घडी बसवली तेव्हाही नोंद लिहिणारा, तपासणारा आणि मंजूर करणारा असे टप्पे होते, आणि नोंदीखाली लेखकाचे नाव असे. विकिपीडियाला असा संपादक नाही. त्याऐवजी प्रत्येक लेखाला 'इतिहास' आहे. त्यात कोणी, केव्हा, कुठला शब्द बदलला ते ओळीने दिसते आणि दोन आवृत्त्या शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. माझ्या मते वर्गात दाखवायची सगळ्यांत मोलाची गोष्ट ही आहे. एखाद्या वादग्रस्त व्यक्तीच्या लेखाचा इतिहास पडद्यावर उघडा आणि तास संपेपर्यंत त्याच्याबाहेर जाऊ नका. 'हत्या' आणि 'वध' यांपैकी शब्द कुठला, नावामागे बिरुद लावायचे की नाही, जातीचा उल्लेख हवा का, यावर माणसे कशी भांडली, कोणी पुरावा आणला, कोणी नुसताच आवाज चढवला, आणि शेवटी मजकूर कुठे येऊन थांबला, हे सारे तिथे आहे. तटस्थपणावरच्या दहा व्याख्यानांनी होणार नाही ते काम तो एक तास करेल.

कबूल करायला हवे की आमचीही बाजू दरवेळी गोड नसते. एखाद्या नवख्या मुलीने मेहनतीने लिहिलेला परिच्छेद कोणी तरी 'संदर्भहीन' एवढाच शेरा मारून उलटवतो. ती पुन्हा फिरकत नाही. मराठी विकिपीडियाचे लेख लाखाच्या आसपास पोचलेत, पण रोज नेमाने काम करणारी माणसे एखाद्या एसटीच्या गाडीत मावतील आणि त्यांच्यातही सगळ्यांचे एकमेकांशी पटते असे नाही. चावडीवर, म्हणजे संपादकांच्या सामाईक चर्चेच्या पानावर, कधी कधी जे चालते ते विद्यार्थ्यांना न दाखवलेलेच बरे, किंवा खरे तर दाखवलेलेच बरे. पण उलटवलेले संपादन म्हणजे अपमान नव्हे, चर्चा पानावर जाऊन 'का?' विचारायचे असते, हे आधी कोणी सांगितले असते तर त्यांतल्या काही मुली राहिल्या असत्या. ते सांगायला तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.

भाषेबद्दल तर आम्ही तुमच्याकडेच पाहतो. सध्या इंग्रजी लेख यंत्राकडून भाषांतरित करून टाकण्याची साथ आहे. 'ती एक भारतीय अभिनेत्री आहे जी प्रामुख्याने मराठी चित्रपटांमध्ये काम करते' या वाक्यात चूक म्हणून बोट ठेवावे असे काही नाही, आणि तरीही असे मराठीत कोणी बोलत नाही. 'या प्रामुख्याने मराठी चित्रपटांत काम करणाऱ्या अभिनेत्री आहेत' हे त्याचे सरळ रूप. अशी वाक्ये आमच्याकडे हजारांनी पडून आहेत आणि ती दुरुस्त करायला संदर्भही लागत नाही, फक्त कान लागतो. द्वितीय वर्षाच्या मुलांना याहून चांगला व्याकरणाचा सराव मला तरी सुचत नाही. हल्ली याच्या जोडीला चॅटबॉटकडून लिहून घेतलेले लेख येतात. त्यांची भाषा गुळगुळीत असते आणि खाली संदर्भांची भरगच्च यादी असते. यादीतली पुस्तके ग्रंथालयात शोधायला गेलो की त्यांतली काही कधी लिहिलीच गेली नव्हती असे निघते. विद्यार्थ्याने दिलेला प्रत्येक संदर्भ हातात धरून दाखवावा, एवढा एक नियम केलात तरी ही पीडा टळेल.

यावरून ग्रंथालय आठवले. विकिपीडियाचा संदर्भ ऑनलाइन असलाच पाहिजे असा समज फार पसरला आहे. तो चुकीचा आहे. छापील पुस्तक चालते, लेखक, प्रकाशक, वर्ष आणि पृष्ठ दिले म्हणजे झाले. तुमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात बांधून ठेवलेली जुनी नियतकालिके, स्थानिक इतिहासाची आता कुठे न मिळणारी पुस्तके, विद्यापीठाला सादर झालेले प्रबंध, हे सगळे आमच्यासारख्या रात्री घरून काम करणाऱ्याच्या हाताबाहेरचे आहे. मुंबई-पुण्यात बसून मी चंद्रपूरच्या किंवा सावंतवाडीच्या लेखाला जे देऊ शकत नाही, ते तिथले महाविद्यालय एका दुपारी देऊ शकते. ग्रंथपालांना कार्यशाळेला फक्त सत्कारापुरते बोलावू नका, मुख्य मार्गदर्शक म्हणून बोलवा.

प्रताधिकाराचे मात्र जपा. विश्वकोश संकेतस्थळावर फुकट वाचता येतो म्हणजे तो उचलून इकडे ठेवता येतो असे नाही. चार शब्द इकडचे तिकडे केल्यानेही काही होत नाही. नोंद वाचावी, बंद करावी आणि आपल्या शब्दांत लिहून तिचा संदर्भ द्यावा. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे प्रताधिकार राहतो. केतकर १९३७ साली गेले, त्यांचे स्वतःचे लेखन केव्हाच मोकळे झाले आहे, ते श्रेय देऊन वापरता येते. पण मग १९२० च्या दशकातली लोकसंख्या आणि तेव्हाची मते आजची म्हणून छापू नयेत, इतके भान हवे.

एका बाबतीत तुमची तक्रार मला मान्य आहे आणि तिला माझ्याजवळ धड उत्तर नाही. तुमच्यापैकी अनेकांनी आयुष्यभर जात्यावरच्या ओव्या, भलरी, बोलीतले शब्द गोळा केले. आजीच्या तोंडून ऐकलेली ओवी विकिपीडियावर चालत नाही, कारण ती कुठे छापलेली नाही, आणि मूळ संशोधनाला इथे जागा नाही. ज्या समाजाचे ज्ञान छापलेच गेले नाही, त्याला हा नियम अन्यायाचा वाटतो, आणि तो तसा आहेही. तरी नियम सोडला तर व्हॉट्सअॅपवरचा इतिहास दुसऱ्या दिवशी आत शिरेल. तेव्हा मार्ग एकच, लांबचा: ते संकलन आधी तुम्ही एखाद्या बऱ्या नियतकालिकात किंवा पुस्तकात प्रसिद्ध करा, नंतर कोणी तरी दुसरा त्याचा आधार घेऊन लिहील. हे ऐकून रागावलेल्या एका मॅडमनी खरोखर तसे केले आणि आता त्यांच्या लेखाचा संदर्भ तीन ठिकाणी लागला आहे.

गुणांचे काय, असा प्रश्न येणारच, कारण आता श्रेयांकांच्या रचनेत प्रकल्पाला जागा आहे. लेखांची संख्या मोजू नका. बाइट, म्हणजे मजकुराची लांबी, मोजू नका. बाइट मोजले की मुले पाणी घालतात. लेख टिकला की उडाला यावरही गुण देऊ नका, ते विद्यार्थ्याच्या हातात नसते, शिवाय मग ती आमच्याशी गुणांसाठी भांडतात. विद्यार्थ्याने कुठले वाक्य निवडले, का निवडले, कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या पानावर काय सापडले, चर्चा पानावर कोणाशी काय बोलणे झाले, याची दोन पानी टिपणी मागा आणि ती तपासा. 'योगदान' पानावरून प्रत्येकाचे काम तारीखवार दिसते, नक्कल लगेच कळते.

आणि कृपा करून आधी स्वतः महिनाभर संपादन करा. हा उद्धटपणा वाटेल, पण ज्यांनी स्वतः एकही वाक्य संपादित केलेले नाही असे मार्गदर्शक मी बरेच पाहिले आहेत. ते विद्यार्थ्यांना 'पंचस्तंभ', म्हणजे विकिपीडियाची पाच मूलतत्त्वे, पाठ करायला लावतात आणि 'झलक पहा' हे बटण कुठे आहे ते त्यांना माहीत नसते.

काही व्यवहाराच्या गोष्टी. एका इंटरनेट जोडणीवरून दिवसाला सहाच नवी खाती उघडता येतात. संगणक कक्षात सातव्या मुलापासून पुढे सगळ्यांना लाल अक्षरांतला नकार येतो आणि कार्यशाळेचा पहिला तास त्यातच जातो. म्हणून खाती मुलांनी आदल्या आठवड्यात आपापल्या घरून, आपापल्या मोबाइलवर उघडावीत. खाते माणसाचे असते. 'मराठी विभाग' या नावाने एकच खाते काढून साठ जणांनी वापरू नये. डीटीपीच्या जुन्या फॉन्टमधला मजकूर इथे डकवला की नुसता कचरा दिसतो, तो आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या. टंकलेखन येत नसेल तर इनस्क्रिप्टचा कळफलक छापून टेबलावर ठेवा, आठ दिवसांत हात बसतो. पहिले प्रयोग प्रत्येकाने आपल्या खात्याच्या धूळपाटीवर (सरावाच्या पानावर) करायला सांगा, तिथे सहसा कोणी काही उडवत नाही. बदल जतन करताना आढाव्याच्या चौकटीत 'काय केले' ते चार शब्दांत लिहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. आमचा निम्मा संशय तिथेच फिटतो.

कार्यशाळेची तारीख ठरली की निदान आठ-दहा दिवस आधी चावडीवर कळवा. तुमच्या तालुक्याच्या, तिथल्या नदीच्या, किल्ल्याच्या, साहित्यिकांच्या लेखांत 'संदर्भ हवा' असे जिथे जिथे लिहिलेले आहे, त्याची यादी आम्ही काढून देऊ, आणि त्या दुपारी आमच्यापैकी एखाद-दुसरा रजा टाकून चर्चा पानांवर उत्तरे द्यायला बसेल. निरोपाला लगेच उत्तर आले नाही तर राग मानू नका, पुन्हा लिहा. आम्ही सगळे दिवसा नोकऱ्या करतो.

आपला नम्र,
मराठी विकिपीडियाचा एक संपादक